तळ्यातील मासेमारीचे वर्ष पाणीपातळीवरून ओळखावे

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण सोलापूर शहरात राहता आणि सुट्टीच्या दिवशी हिप्परग्याच्या एकरुख तलावावर, तर कधी टेंभुर्णीच्या बाजूने उजनीच्या जलाशयावर गळ घेऊन जाता. दसऱ्याच्या सुमारास आपल्याला रोहू आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) चांगले मिळाले, परंतु पौषात त्याच जागी बसून, तेच आमिष लावूनही दिवसभरात गळाला काही लागले नाही. थंडीत मासे खातच नाहीत का, उन्हाळ्यात जाण्यात काही अर्थ आहे का, आणि ऋतूप्रमाणे आमिष बदलावे का, हे आपण विचारले आहे.

आपल्या भागातील तलावांवर मासेमारीचे वर्ष ठरवताना महिन्याआधी पाण्याची पातळी पाहावी, असे माझे ठाम मत आहे. पाणी चढते आहे, स्थिरावले आहे, उतरते आहे की तळाला गेले आहे, यावरून मासा कोठे असेल आणि काय खात असेल, याचा निम्म्याहून अधिक उलगडा होतो. उरलेला उलगडा पाण्याच्या उष्णतेवरून होतो. आपल्या पौषातल्या अपयशाचे कारणही बहुधा यातच आहे. आपण जागा कायम ठेवली, पण दसऱ्याला तेथे असलेले पाणी पौषात तेथे राहिलेले नव्हते.

शिवाय हिप्परगा आणि उजनी या दोन्ही ठिकाणी पाणी एकाच वेळी चढत नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या खोऱ्यात वर असलेल्या पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्याच्या पावसावर ते भरते. खडकवासला, पवना, चासकमान यांसारखी वरची धरणे भरली की त्यांतून सोडलेले पाणी दौंडवरून उजनीत येते. म्हणून सोलापुरात आभाळ कोरडे असतानाही जुलै-ऑगस्टमध्ये उजनीचे पाणी झपाट्याने चढू शकते. एकरुख तलाव आदिला नदीवर असून १८७१ साली पूर्ण झाला. त्याची मुख्य भिस्त जवळच्या पाणलोटावर आहे. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस मुळात कमी, वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सर्वांत भरवशाचा महिना सप्टेंबर. त्यामुळे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस झाला की हिप्परगा, होटगी, बोरी या बाजूची तळी चढतात. एकाच श्रावणात उजनीचा काठ गवतात शिरलेला आणि हिप्परग्याचा काठ भेगाळलेला, असे दृश्य आपल्याकडे दुर्मीळ नाही. दोन्हीकडे एकच वेळापत्रक लावणारा मासेमार एका जागी तरी निराश होणारच.

उजनीतील चढउतार किती मोठा असतो, हेही लक्षात घ्यावे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा आहे. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी उणे होऊ लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पूर्ण भरले. दोन महिन्यांत जलाशयाचा काठ कित्येक ठिकाणी मैलभर सरकतो, तेव्हा माशाचे घर, अन्न आणि लपण्याची जागा सगळेच बदलते. दौंडचा विसर्ग आणि धरणाची टक्केवारी पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत छापून येते. मासेमाराने ती बातमी शेतकऱ्याइतक्याच काळजीने वाचावी.

पाणी चढू लागते तेव्हा काय घडते, तेथून सुरुवात करतो. नवे पाणी गढूळ असते, गार असते आणि रानातून किडे, गांडुळे, बिया असे पुष्कळ खाद्य घेऊन येते. कोरड्या काठावर उगवलेले गवत पाण्याखाली जाते आणि त्यात सूक्ष्म जीव वाढू लागतात. मासे या नव्या उथळ पाण्यात खाण्यासाठी शिरतात. कधी कधी तर गुडघाभर पाण्यात मोठ्या सायप्रिनसची पाठ दिसते. अशा वेळी गळ लांब फेकण्याची गरज नसते. ओढा जलाशयाला जेथे मिळतो, तेथे गढूळ आणि निवळ पाण्याची जी सीमा दिसते, तिच्या निवळ बाजूला गांडूळ लावलेला गळ सोडावा. गढूळ पाण्यात माशाला दिसत कमी असल्याने तो वासावर आणि हालचालीवर अवलंबून राहतो. म्हणून वळवळणारे गांडूळ या दिवसांत कणकेपेक्षा सरस ठरते. आंबळी, शिंगाळा आणि वांब हे मासे याच सुमारास काठाजवळ मिळतात. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा हाताला वाईट जखम करतो, तेव्हा तो उघड्या मुठीत कधीही धरू नये.

मात्र हाच काळ प्रजननाचा असल्यामुळे येथे हात आखडता घेणे मला अत्यंत आवश्यक वाटते. कटला, रोहू आणि मृगळ हे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे उजनीतील परिपक्व मासे पहिल्या पुराबरोबर वर भीमेच्या प्रवाहाकडे चढतात. रोहूची मादी शरीराच्या किलोमागे दोन ते तीन लाख अंडी देते, हे ध्यानात घेतले तर ज्येष्ठ-आषाढात पोट फुगलेली एक मोठी मादी मारण्याचा अर्थ कळतो. अशी मादी गळाला लागली तर हात पाण्याने ओले करून, तिला जमिनीवर न आपटता, गळ काढून लगेच सोडून द्यावे. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे रोगाने मरतो.

मरळीबाबत तर मी अधिक आग्रही आहे. ही मरळ उथळ, गवताळ पाण्यात घरटे करते आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर पडल्यावर नर-मादी त्यांची राखण करतात. पिल्लांचा लालसर-नारिंगी थवा पाण्याच्या पृष्ठभागावर एकत्र हलताना दिसतो आणि त्याखाली पालक मासा असतो. थव्यावरून रबरी बेडूक ओढला की तो पालक खाण्यासाठी नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी झेप घेतो आणि सहज गळाला लागतो. तो गेला की संपूर्ण थवा चिलापी (तिलापिया) आणि इतर माशांच्या तोंडी पडतो. थवा दिसला तर काठी गुंडाळून दुसरीकडे जावे. दिवाळीनंतर पिल्ले मोठी होऊन पांगली की मरळीची मासेमारी खुशाल करावी. पाणवनस्पतींच्या मोकळ्या फटींत, सकाळी आणि तिन्हीसांजेला रबरी बेडूक हळू ओढल्यास ती चांगली झेपावते. जिवंत बेडूक गळाला लावण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही. रबरी आमिषाने तेच काम होते.

आपल्या तीन प्रश्नांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणजे पाणी चढून स्थिरावल्यानंतरचा, साधारणपणे भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंतचा. पाणी निवळू लागलेले असते, ऑक्टोबरच्या उन्हाने ते ऊबदार असते, काठावरचे गवत बुडलेले पण अजून कुजून गेलेले नसते, आणि अंडी घालून थकलेले मासे भरपूर खात असतात. आपल्याला दसऱ्याला जे यश मिळाले, त्यामागे ही सगळी कारणे होती. या काळात गळ कोठेही टाकला तरी काहीतरी मिळते आणि त्यामुळे जागेची पारख करण्याची सवय लागत नाही. पुढे थंडीत ती उणीव जाणवते.

आमिषाचे सविस्तर येथेच सांगतो, कारण कार्प जातीच्या, म्हणजे रोहू, कटला, सायप्रिनस यांसारख्या माशांसाठी ते याच काळात सर्वाधिक कामी येते. आपल्या जिल्ह्यात तेलघाण्यावरची ताजी भुईमुगाची पेंड सहज मिळते आणि तिच्याइतके चांगले आमिष मी दुसरे पाहिले नाही. पेंड जुनी, खवट किंवा बुरशी आलेली असू नये. मासा ती तोंडात घेऊन लगेच थुंकतो. पेंड मंद आचेवर भाजून कुटावी, तिचे दोन भाग आणि डाळ्याच्या पिठाचा एक भाग घ्यावा, चिकटपणासाठी थोडी कणीक आणि वासासाठी गुळाचे पाणी घालून मळावे. गोळा हाताला घट्ट वाटला पाहिजे, पण पाण्यात दहा-पंधरा मिनिटांत त्याचे कण सुटू लागले पाहिजेत. तासाभरानंतर वर काढल्यावर गोळा जसाच्या तसा असेल, तर तो फार घट्ट झाला आहे. अशा गोळ्याभोवती मासे जमत नाहीत.

कटला, रोहू आणि मृगळ हे एकाच तळ्यात वेगवेगळ्या थरांत खातात, हे शालेय पुस्तकातले ज्ञान गळ टाकताना विसरले जाते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि तो पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी खातो. त्याच्यासाठी तरंग्याखाली हात-दीड हातावर गळ ठेवून, भाताचा कोंडा मिसळलेले, झटकन विरघळून पाण्यात ढग तयार करणारे सैल आमिष वापरावे. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, म्हणून त्यांच्यासाठी शिसे लावून गळ तळाला टेकवावा. चंदेऱ्या मासा (सिल्व्हर कार्प) पाणी गाळून वनस्पतिप्लवंग, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती खातो, त्यामुळे तो गळाला क्वचितच लागतो; त्याच्या उड्या पाहून तेथे आमिषे टाकत बसण्यात वेळ घालवू नये. गळ टाकण्यापूर्वी त्याच जागी मूठ-दोन मुठी पेंड टाकून ठेवावी आणि अर्धा तास शांत बसावे. पेंड टोपलीभर ओतू नये. पोट भरलेला मासा गळाकडे वळत नाही आणि उरलेली पेंड तळाशी कुजून पाणी बिघडवते.

आता थंडीबद्दल. मासे थंडीत खातात, पण कमी खातात. माशाच्या शरीराची उष्णता पाण्याबरोबर बदलते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते आणि त्याला अन्नही कमी लागते. सोलापूरची थंडी काही हिमालयातली नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरली तरी मोठ्या जलाशयाचे पाणी एवढे गार होत नाही, त्यामुळे येथे मासे पूर्ण निपचित पडत नाहीत. चिलापी मात्र उष्ण प्रदेशातला मासा असल्याने तो थंडीला सर्वांत आधी दबतो आणि पहाटेच्या वेळी जवळजवळ तोंड उघडत नाही. सायप्रिनस याच्या उलट. तो थंड मुलखातून आलेला असल्यामुळे हिवाळ्यात आपण त्याच्यावरच भर द्यावा. तो साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पाणवनस्पतींना अंडी चिकटवण्यासाठी काठाकडे येतो. गवतात जोडीने धडपडणारे सायप्रिनस दिसले तर तेवढा काठ काही दिवस सोडून द्यावा.

आपल्या पौषातल्या दिवसाकडे येतो. दिवाळीनंतर रब्बीसाठी कालव्याची आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या सुरू होतात, पाऊस थांबलेला असतो, बाष्पीभवन चालूच असते. त्यामुळे काठ मागे सरकतो. दसऱ्याला आपण जेथे बसलात तेथे बुडलेले गवत होते आणि पाणी कमरेएवढे असेल, तर पौषात तेथे उघडा चिखल आणि पोटरीभर निवळ पाणी उरले असणार. अशा पाण्यात माशाला लपायला जागा नाही, खायला विशेष काही नाही आणि काठावरच्या माणसाची सावली मात्र स्पष्ट दिसते. मासा तेथून निघून खोल पाण्याच्या उतारावर गेला होता. तेव्हा हिवाळ्यात प्रथम जागा बदलावी. उथळ सपाटी जेथे संपून तळ एकदम खाली जातो, अशी कड शोधावी. त्यासाठी दोऱ्याला शिसे बांधून खोली मोजण्याइतके सोपे साधन दुसरे नाही: तीन-चार ठिकाणी टाकून पाहिले की कड सापडते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक ईशान्येकडून येतो. दुपारच्या उन्हाने तापलेला वरचा पातळ थर आणि त्यातले प्लवंग हा वारा नैर्ऋत्येच्या काठाकडे ढकलतो. म्हणून हुरड्याच्या दिवसांत, वारा तोंडावर घेऊन नैर्ऋत्येच्या काठावर बसावे आणि सकाळी अकरापासून चारपर्यंतचा वेळ साधावा. पहाटे कुडकुडत जाऊन बसण्याचा या ऋतूत काहीही लाभ नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असताना हाच नियम पूर्वेच्या काठाला लागू होतो. पाण्यावर बारीक लहरी असतील तर आणखी चांगले, कारण निवळ पाण्यात माणसाची हालचाल त्यांच्यामुळे झाकली जाते.

तिसरी गोष्ट साधनांची आणि आमिषाची. दसऱ्याला लिंबाएवढा गोळा चालत असेल, तर पौषात बोराएवढा पुरतो. गळ लहान असावा, करंगळीच्या नखाएवढा. दोरा, म्हणजे तंगूस, बारीक असावा, कारण निवळ पाण्यात जाड दोरा माशाला दिसतो. तरंगा हलका असावा, कारण थंडीत मासा आमिष ओढत नेत नाही, नुसते तोंडात धरून थांबतो आणि जड तरंग्यावर त्याची खूण उमटतच नाही. पेंड टाकायची ती चिमूटभर. पेंडेने काम झाले नाही तर लहान गांडूळ लावून पाहावे. एका जागी तासभर काही झाले नाही, तर पन्नास पावले पुढे सरकावे. थंडीत मासा आमिषाकडे फार लांबून येत नाही, आपणच त्याच्याजवळ जावे लागते. उजनीच्या भिगवणकडील उथळ पाण्यावर या दिवसांत रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. तेथे चिखलातून चालत जाऊन त्यांना उठवू नये, आणि तुटलेला तंगूस काठावर टाकून तर मुळीच येऊ नये. पक्ष्याच्या पायात गुंतलेला तंगूस त्याचा जीव घेतो.

उन्हाळ्यात जाण्यात अर्थ आहे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की मासे धरण्यापेक्षा तळे समजून घेण्यासाठी उन्हाळा सर्वांत मोलाचा आहे. उजनीचे पाणी खाली गेले की जुने रस्ते, विहिरींचे कठडे, बांध, बाभळीचे बुंधे आणि पडक्या भिंती वर येतात. पळसदेवचे प्राचीन मंदिर आणि कुगावजवळचा जुना वाडा यांच्या दर्शनाला लोक त्या दिवसांत मुद्दाम जातात. ज्या कुटुंबांची गावे या पाण्याखाली गेली, त्यांच्यासाठी ती केवळ पाहण्याची जागा नाही, याची जाणीव ठेवून तेथे वावरावे. मासेमाराने मात्र वही आणि पेन घेऊन जावे. नदीचे मूळ पात्र कोणत्या बाजूने वळते, जुना बांध कोठे संपतो, खडकाची कपार कोठे आहे, हे काठावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा टेकाडाच्या खुणेवरून लिहून ठेवावे. पाणी परत चढल्यावर हीच ठिकाणे माशांची वस्ती होतात, आणि ज्याने ती मे महिन्यात पायी फिरून पाहिलेली असतात, त्याला ऑक्टोबरमध्ये अंदाजाने गळ टाकावा लागत नाही. हिप्परग्यालाही हेच करता येते. तेथे क्षेत्र लहान असल्याने एका सकाळीत मोठा भाग फिरून होतो. उघड्या पडलेल्या चिखलात ताटाएवढे गोल खड्डे दिसतील, ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी. पुढच्या वर्षी पाणी त्या पातळीला असताना चिलापी कोठे मिळेल, ते या खड्ड्यांवरून समजते.

उन्हाळ्यातील माशाची मुख्य अडचण प्राणवायूची असते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. त्यात उजनीचे पाणी पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडच्या सांडपाण्यामुळे पोषक द्रव्यांनी भरलेले असल्याने शेवाळ माजते. शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच तो वापरते. त्यामुळे पहाटेच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडत असतील आणि गळाकडे ढुंकूनही पाहत नसतील, तर ते भुकेने नव्हे, गुदमरल्यामुळे वर आलेले असतात. सर्वत्र ‘पहाटे गळ टाका’ असे सांगितले जाते, पण हिरव्यागार झालेल्या पाण्यावर मी उन्हाळ्यात सूर्य वर आल्यानंतरचे दोन तास आणि सायंकाळची वेळ अधिक पसंत करतो. वाऱ्याने लाटा फुटत असलेल्या काठाजवळ प्राणवायू जास्त असतो, तेथे बसावे. भर दुपारी चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात काठावर बसण्याचा हट्ट करू नये. त्यात मासाही मिळत नाही आणि प्रकृतीला धोका होतो.

वळवाच्या पावसाचे दोन धोके स्वतंत्रपणे सांगतो. एक माशांचा. वादळी वाऱ्याने तळाचे प्राणवायूविरहित पाणी अचानक वर मिसळले की मोठ्या संख्येने मासे मरून काठाला लागतात. ते गोळा करून खाऊ नयेत. दुसरा माणसांचा आहे आणि तो कितीतरी गंभीर आहे. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचे प्राण गेले. उजनीचे पाणी वाऱ्याला मोकळे आहे आणि शांत दिसणारा पृष्ठभाग काही मिनिटांत उसळतो. दुपारनंतर पश्चिमेला ढग चढू लागले की होडीतून काठाला यावे, आणि होडीत बसताना जीवरक्षक जाकीट घालावेच. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून खोल पाण्यात जाण्याची नक्कल हौशी माणसाने कधीही करू नये. ज्यांचा त्यावर पिढीजात हात बसला आहे, त्यांनाही तो धोका पत्करावाच लागतो.

उन्हाळ्यात पाणी आटून मासे थोड्या जागेत कोंडले जातात आणि तेव्हा ते धरणे सोपे होते. या सोपेपणाचा फायदा चिलापीपुरता घ्यावा. हा मासा तोंडात अंडी व पिल्ले सांभाळतो, उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा वीण करतो आणि आपल्या जलाशयांत त्याची संख्या मुबलक आहे. तो खाण्याजोगा आकार असेल तेवढा घरी न्यावा. गांडूळ किंवा कणकेची बारीक गोळी त्याला पुरते. कटला, रोहू, मरळ आणि शिंगाळा यांच्या मोठ्या माशांना मात्र मे-जूनमध्ये सोडावे, कारण पुढच्या पुरात अंडी घालणारे तेच आहेत.

काही मासे परत पाण्यात सोडू नयेत, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. उजनीत अलीकडे अंगावर कठीण कवच असलेला सकर मासा सापडू लागला आहे. घरातल्या काचेच्या टाकीतून सोडलेले असे मासे तलावात वाढतात, जाळी फाडतात आणि त्यांना बाजारात मोल नाही. परदेशी मांगूर हा बंदी असलेला मासाही असाच घातक आहे. यांपैकी काही गळाला लागले तर ते पाण्यात परत टाकू नये, आणि घरातला कोणताही शोभेचा मासा दया म्हणून तळ्यात सोडू नये.

खाण्याविषयी थोडेसे. शेवाळाचा हिरवा तवंग आणि उग्र वास असलेल्या पाण्यातील मासा घरी आणू नये. इतर वेळीही पोटातले आतडे आणि काळीज (यकृत) पूर्ण काढून टाकावे, कारण शेवाळातील विषारी द्रव्ये प्रामुख्याने तेथे साठतात. शहरातील संभाजी तलावात सांडपाणी व जलपर्णीचा त्रास राहिला आहे, म्हणून खाण्यासाठी तेथील मासा मी सुचवणार नाही. सिद्धेश्वर तलाव ग्रामदैवताचा असल्याने तेथे गळ टाकण्याचा विचारही मनात आणू नये.

परवानगीच्या बाबतीत हयगय नसावी. बहुतेक तलावांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. हौशी माणसाने संबंधित संस्थेला विचारूनच बसावे आणि धरणाची भिंत, मोरी, सांडवा यांजवळ जाऊ नये. भोई आणि कोळी समाजातील कुटुंबे, तसेच जमीन गेलेले कित्येक धरणग्रस्त यांचे पोट या पाण्यावर आहे. त्यांच्या जाळ्यांजवळ गळ टाकू नये आणि अडकला तर जाळे न कापता आपला दोरा तोडावा. सुरुंगाचा स्फोट करून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) वडाप जाळ्याने बोटाएवढे मत्स्यबीज उपसले जाताना दिसले, तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे. चार दिवसांच्या कमाईसाठी पुढच्या दोन वर्षांचा मासा त्यात संपतो. गळाला कासव लागले तर दोरा जवळून कापून, शक्य असेल तर गळ हळूच काढून ते लगेच सोडावे, कारण वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आपण पुढच्या रविवारी हिप्परग्याला जाणार असाल तर एवढे करावे. काठावर पाण्याच्या रेषेवर एक खुणेची काठी रोवावी आणि पुढच्या खेपेस पाणी तिच्यापासून किती सरकले ते पाहावे. आठवड्यात ते हातभरही सरकले नसेल, तर मासे उतारावरच्या कडेला टिकून असतील; झपाट्याने उतरले असेल, तर आणखी खोल बाजूला जावे. दुपारी बाराला नैर्ऋत्येच्या काठावर बसावे, बारीक गळाला बोराएवढी पेंडेची गोळी लावावी आणि ती तळाला टेकेल इतकी खोली शिसे टाकून आधी मोजून घ्यावी.